नाटक बसवायचं तर आधी बसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या राजेंद्र नगर आणि आसपासचे तुम्ही बारा-तेरा जण, बहुतेक नोकरदार, दोघं कॉलेजातले. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, दोन अंकी नाटक करायचं मनात आहे. गणपतीत एकांकिका केल्यात, पण दिग्दर्शन असं कुणी केलेलं नाही. जवळ ४० हजार रुपये आहेत. नाटक कोणतं घ्यावं, सेट कुठून आणावा आणि कॉलर माइक किती लागतील, हे तुम्हाला हवंय.

सेट आणि माइकचं सांगते, पण नंतर. मी या गावात २७ वर्षं हौशी नाटक करतेय. त्यातली पहिली सात वर्षं विंगेत संहिता हातात धरून गेली, म्हणजे प्रॉम्प्टर म्हणून. प्रॉम्प्टरला जे दिसतं ते दिग्दर्शकालाही दिसत नाही. नटांना वाटतं नाटक प्रयोगात पडलं. विंगेतून मी पाहिलंय की ते तालमीच्या दुसऱ्या आठवड्यातच पडलेलं असतं, प्रयोगाच्या दिवशी फक्त लोकांना कळतं. आणि दर वेळी कारण तेच. मंडळी फार लवकर उठून उभी राहिली. नाटक बसवायचं असतं, पण बसायलाच कुणी तयार नसतं.

आधी तारीख. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून ५ नोव्हेंबर. तारखेबद्दल आदर आहे, पण इंदुरात ती हौशी संघाला सोयीची नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, संपले की श्राद्धपक्ष, मग नवरात्र, मग दिवाळी. नवरात्रात तुमच्या मुली गरब्याला जाणार, आणि तुम्ही अडवलं तरी जाणार. दिवाळीत निम्मी मंडळी पुण्याला नाहीतर नाशकाला. म्हणजे प्रयोगाच्या आधीचा महिना, जेव्हा रोज तालीम हवी, तेव्हाच खोलीत चार डोकी. रंगभूमी दिनाला नटराजाची पूजा करा, दोन प्रवेश वाचून दाखवा. प्रयोग न्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर. १६ डिसेंबरच्या सुमारास खरमास लागतो आणि इकडची लग्नं संक्रांतीपर्यंत थांबतात. आपली मराठी लग्नं तेव्हाही होतात, पण इंदूरचे मांडववाले हिंदी पंचांगावर चालतात. लाइटवाला, टेम्पोवाला, साउंडवाला सगळे मोकळे असतात आणि नीट बोलतात. तेच लोक नोव्हेंबरअखेर फोन उचलत नाहीत.

याचा आणखी एक फायदा. वाचन नवरात्राआधी, पाठांतर सुट्टीत, उभी तालीम दिवाळीनंतर, अशी कामाची वाटणी आपोआप होते.

आता नाटक निवडण्याआधी माणसं मोजा. तेरा जणांनी हो म्हटलं म्हणजे तेरा नट नव्हेत. प्रत्येकाला एक कागद द्या आणि तालमीच्या काळात कोणत्या तारखांना येणार नाही ते लिहून घ्या. परीक्षा, बहिणीचं लग्न, नाइट शिफ्ट, मुलाचे क्लास, सगळं. तोंडी विचारलं तर प्रत्येक जण ‘बघू, येईन’ म्हणतो. लिहायला दिलं की खरं बाहेर येतं. माझा अनुभव असा की तेरातले सात नियमित येतात, तीन बऱ्यापैकी, आणि तिघं प्रयोगाच्या फोटोत असतात. म्हणून सात-आठ पात्रांचं नाटक घ्या. उरलेल्यांपैकी एकाला प्रॉम्प्टर करा, एकाला प्रॉपर्टीवर, म्हणजे मंचावर लागणाऱ्या वस्तूंवर, बसवा, एकाला पैशाचा हिशेब द्या. ही उरलीसुरली कामं नाहीत. प्रॉम्प्टर तर तुमच्यातला सगळ्यात शांत आणि वक्तशीर माणूस हवा. ज्याला नट व्हायचं होतं आणि भूमिका मिळाली नाही, त्याला तिथे बसवू नका. तो मनातल्या मनात अभिनय करत राहतो आणि पान उलटायचं विसरतो. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलं.

नाटक कोणतं? नाव मी सांगणार नाही, कारण तुमची माणसं मी ऐकलेली नाहीत. पण निवडताना कसोटी एकच लावा: ही वाक्यं आपल्या तोंडून खरी वाटतील का? पुण्याच्या पेठेतला तिरकस म्हातारा, कोकणातला गजाली सांगणारा, चाळीतली मुंबईकर काकू, ही पात्रं वाचताना फार गोड वाटतात. पण तो हेल आपल्याकडे नाही, आणि नक्कल केली की प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो. इंदूरचा मराठी प्रेक्षक भोळा नाही. सानंद न्यासामुळे तो मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं वर्षानुवर्षं बघतोय. सेट आणि झगमगाटात तुम्ही त्यांच्याशी बरोबरी करू शकणार नाही, करायलाही जाऊ नका. घरातलं, चार भिंतींतलं, साध्या बोलीचं नाटक घ्या. त्यात तुमच्या घरातली माणसं दिसली तर लोक सेट विसरतात.

हक्कांचं पटकन सांगते, कारण यात फार गोंधळ असतो. लेखकाच्या निधनानंतरची ६० कॅलेंडर वर्षं संहितेवर हक्क असतात. देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली, खाडिलकर १९४८ साली. त्यांची नाटकं मोकळी आहेत. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत थांबा किंवा परवानगी घ्या. तेंडुलकर, कानेटकर, कुसुमाग्रज, पु. ल. हे सगळे अजून हक्कात आहेत. कायद्यात हौशी मंडळांसाठी एक सवलत आहे: प्रेक्षकांकडून पैसे घेतले नाहीत, तर नाट्यकृतीचा प्रयोग हक्कभंग ठरत नाही. पण ‘देणगी सन्मानिका’ छापून दीडशे रुपये घेतले की तुम्ही त्या सवलतीच्या आत आहात हे कुणाला पटवून देणार? सरळ पत्र लिहा. बहुतेक लेखक किंवा त्यांच्या घरची माणसं हौशी संघांना माफक मानधनात, कधी नुसत्या नारळावर परवानगी देतात. त्यांना आवडतं की इंदुरात कुणीतरी नाटक करतंय. मात्र संहितेत काटछाट करायची, गावाचं नाव बदलायचं, शेवट बदलायचा, तर तेही त्या पत्रातच विचारा. सिनेमातलं गाणं पार्श्वसंगीताला वाजवणार असाल तर त्याचे हक्क वेगळे, म्हणून त्या भानगडीत न पडता तुमच्यातल्या पेटीवाल्याकडून दोन सुरावटी करून घ्या. आणि पुढे कधी महाराष्ट्रात प्रयोग न्यायचा झाला, तर तिथे संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला वेळ लागतो हे लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. वाचन.

किमान १५ बैठका. आठवड्याला पाच, रोज दोन तास, खुर्च्यांवर किंवा सतरंजीवर गोल करून. पहिल्या तीन बैठकांत भूमिका वाटायच्याच नाहीत. आज जो बाप वाचतोय तो उद्या नोकर वाचेल, बाईचं काम पुरुष वाचेल. यात दोन गोष्टी होतात. सगळ्यांना सगळं नाटक कळतं, फक्त आपली वाक्यं नाही. आणि कुणाच्या तोंडात कोण बसतंय ते तुम्हाला कानांनी कळतं, डोळ्यांनी नव्हे. गोरा आणि उंच म्हणून नायक, ही एकांकिकेची सवय इथे सोडा.

चौथ्या दिवशी भूमिका ठरवा आणि मग उच्चारांना बसा. इथे इंदूरची एक खास अडचण आहे, जी पुण्याच्या कुठल्या शिबिरात तुम्हाला कुणी सांगणार नाही. आपली मुलं देवनागरी फडाफडा वाचतात, कारण ती हिंदीनं शिकवलेली आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, वा, किती छान वाचतोय. आणि तो वाचतोय हिंदी. ‘ज्ञान’ला ‘ग्यान’ म्हणतोय, ‘अमृत’ला ‘अम्रित’. ‘पैसा’मधला ऐ हिंदीसारखा सपाट होतो, ‘मैत्रीण’ची ‘मॅत्रीण’ होते. सगळ्यात मोठी परीक्षा च आणि ज यांची. मराठीत च दोन आहेत. मी प्रत्येक नवीन मुलाला एक शब्दजोडी म्हणायला लावते: ‘चहाचा चमचा’. चहातला च तालव्य, म्हणजे ‘च्य’कडे झुकणारा. ‘चा’मधला आणि चमच्यातला दंत्य, ‘त्स’कडे झुकणारा. इंदुरी मुलगा चारही च सारखेच म्हणतो. तसंच ‘जावई’ आणि ‘जीव’, ‘झाड’ आणि ‘झेंडा’. घरी आजी बोलते ते त्याच्या कानात असतं. आठवड्याभरात ते जिभेवर येतं, फक्त कुणीतरी थांबवावं लागतं.

लिंगांचंही तेच. ‘ती पुस्तक’, ‘तो दही’. एका वर्षी आमचा तरुण नायक तालमीत मागच्या भिंतीजवळ उभा राहून विचारत होता, ‘काकू, माझी आवाज येते का?’ मी म्हटलं, तुझी येते रे, तुझा येत नाही. तो आधी गोंधळला, मग सगळे हसले, आणि नंतर तालमीत ते आमचं परवलीचं वाक्य झालं. कुणी हिंदी वळणानं बोललं की कोपऱ्यातून ‘माझी आवाज’ असा पुकारा व्हायचा. रागावण्यापेक्षा हे बरं.

इथे एक सावधगिरी. मी इंदुरी मराठीच्या विरुद्ध नाही. ‘मी येऊन राहिलो’ म्हणणारं पात्र संहितेत असेल तर ते तसंच आलं पाहिजे, आणि इंदूरचं नाटक असेल तर सगळ्यांनी तसंच बोलावं. प्रश्न मिसळीचा आहे. बाप सदाशिव पेठेतला आणि त्याचा सख्खा मुलगा सुदामा नगरातला, असं एकाच घरात ऐकू आलं की नाटक संपलं. एक बोली ठरवा आणि सगळ्यांनी तीच बोला.

उच्चार मार्गी लागले की अर्थाकडे वळा. प्रत्येकाच्या हातात पेन्सिल. श्वास कुठे, थांबा कुठे, वाक्यातला जोर कोणत्या शब्दावर. ‘मी त्याला पैसे दिले नव्हते’ या वाक्यात जोर ‘मी’वर, ‘त्याला’वर, ‘पैसे’वर, ‘दिले’वर असा फिरवून बघा, चार वेगळी भांडणं निघतात. लेखकाला कोणतं हवंय ते आधीच्या दोन पानांत लिहिलेलं असतं. ते शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली तरी जाऊ द्या. दहाव्या-अकराव्या बैठकीला एक खेळ करा. सगळ्यांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं आणि वाचायचं. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर समोरच्याचं ऐकावंच लागतं. हौशी नटाचा मोठा दोष हा की तो समोरच्याचं बोलणं ऐकत नाही, ते संपायची वाट बघतो. पाठमोऱ्या वाचनात हा दोष उघडा पडतो, कारण वाक्य हातातून निसटतं.

शेवटच्या दोन बैठका घड्याळ लावून. अंक किती मिनिटांचा होतो ते लिहून ठेवा. उभं राहिल्यावर तो साधारण पाचवा हिस्सा वाढतो. आत्ताच ७० मिनिटांचा अंक असेल तर आत्ताच परवानगीनं कापा.

या १५ दिवसांत कुणीतरी कुरकुरणार. ‘अजून उभं नाही राहायचं का?’ राहू द्या कुरकुर. याच गावात बाबा डिके, राहुल बारपुते यांच्या पिढीनं जी मराठी नाटकं केली, त्यांच्याबद्दल जुन्या प्रेक्षकांना मी विचारलंय. ते आजही संवाद म्हणून दाखवतात. पडद्याचा रंग कुणाला आठवत नाही.

पाठांतराबद्दल माझं प्रॉम्प्टरचं गुपित सांगते. नट वाक्यं विसरतो त्यानं नाटक मोडत नाही. मोडतं ते जुळ्या वाक्यांनी. पान १२ वर बाई म्हणते, ‘मला काही सांगू नका,’ आणि पान ३८ वरही म्हणते, ‘मला काही सांगू नका.’ नटाच्या डोक्यात त्या वाक्याला जोडलेलं उत्तर दोनपैकी कुठलंही असू शकतं. आमच्या एका प्रयोगात नवऱ्यानं पान १२ वर पान ३८ चं उत्तर दिलं. बायकोही बिचारी हुशार, तिनं पुढचं ३८ वरचंच म्हटलं. मधली २६ पानं गेली, त्यात एका पात्राची अख्खी एंट्री होती, तो विंगेत मिशी लावून उभा. पोलीस चोरीची चौकशी करायला आला आणि प्रेक्षकांना चोरी झाल्याचंच ठाऊक नाही. मी विंगेतून ओरडणंच बाकी ठेवलं होतं. शेवटी त्या मिशीवाल्यानं आत जाऊन सगळी चोरी तोंडी सांगितली, स्वतःच्या पदरचे संवाद घालून. लोकांनी टाळ्या दिल्या. मी घरी जाऊन रडले.

म्हणून प्रॉम्प्टरनं पहिल्या वाचनापासूनच संहितेत जुळी वाक्यं लाल पेन्सिलीनं खुणवून ठेवायची, आणि ज्या नटाला धोका आहे त्याला सांगायचं. लेखकाची परवानगी असेल तर एका ठिकाणचं वाक्य किंचित बदलून टाका. नसेल तर त्या दोन जागी नटाच्या हातात दोन वेगळ्या वस्तू द्या: इथे कप, तिथे वर्तमानपत्र. डोकं विसरतं, हात विसरत नाहीत.

प्रॉम्प्टिंगचे बाकीचे नियम थोडे आहेत. पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द. कुजबुजायचं नाही, कुजबुज प्रेक्षकांत फुसफुस म्हणून पोचते आणि नटाला काही कळत नाही. खालच्या पट्टीत, पण खऱ्या आवाजात बोलायचं. दिग्दर्शकानं ठेवलेला प्रत्येक थांबा संहितेत लिहिलेला हवा, नाहीतर नट सुंदर स्तब्धता घेतो आणि विंगेतून कुणीतरी त्याला वाक्य देतं. यापेक्षा मोठा अपमान नटाचा नाही.

दिवाळीनंतर उभे राहा. तोवर पुस्तक हातातून सुटलेलं हवं. तालमीची खोली लहान असते, सोसायटीचा हॉल फार तर २० फुटी. रंगमंचाची रुंदी मात्र ३०-३५ फूट. खोलीत तीन पावलांत खुर्ची येते, मंचावर सात पावलं लागतात, आणि वाक्य तिसऱ्या पावलाला संपतं. उरलेली चार पावलं नट हात कुठे ठेवावेत या विचारात चालतो. यावर उपाय: हॉल ठरला की मंच मोजून या आणि तेवढं माप गच्चीवर खडूनं आखून तिथे तालीम करा. डिसेंबरात गार वारा असतो, स्वेटर घाला. दुसरा उपाय, मंचावरच दोन्ही बाजूंच्या काळ्या विंगा आत ओढून तो २४ फुटांचा करा. लहान मंचावर हौशी नट बरे दिसतात.

हालचाली फार देऊ नका. नव्या दिग्दर्शकाला वाटतं, पात्रं बसून बोलली की प्रेक्षक कंटाळतो. मग सगळे उगाच खिडकीपाशी जातात. माणूस उठतो तो कारणानं. कारण सापडत नसेल तर बसू द्या.

आता माइक. तुम्ही विचारलंत किती लागतील. माझं उत्तर, शक्यतो एकही नको. रवींद्र नाट्यगृहासारखा मोठा हॉल पहिल्या नाटकाला घेऊ नका. भाडंही झेपणार नाही आणि अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलताना आवाज खचतो. दोन-अडीचशे खुर्च्यांचा हॉल घ्या आणि तो भरा. भाड्याचे कॉलर माइक साडीला घासतात, मिठी मारली की धडधड ऐकू येते, आणि प्रॉम्प्टरचा आवाज सगळ्यात स्पष्ट पकडतात. हॉल लांबट असेल तर मंचाच्या कडेला खाली ठेवलेले दोन-तीन माइक आणि वर दोन टांगलेले, बस्स. हॉल ठरवण्याआधी एकदा रिकाम्या हॉलमध्ये पंखे आणि एसी चालू करून मागच्या रांगेत बसा आणि तुमच्यातल्या सगळ्यात हळू बोलणाऱ्या मुलीला मंचावरून दोन वाक्यं म्हणायला सांगा. ही परीक्षा फुकट आहे आणि कुणी करत नाही. डिसेंबरात पंखे लागत नाहीत, हा त्या तारखेचा आणखी एक गुण.

हॉल बुक करताना आदल्या दिवसाची संध्याकाळही पदरात पाडून घ्या. दार किती वाजता उघडतं, चौकीदार किती वाजता घरी जातो, जनरेटर कुणाचा, हे लेखी विचारा. एका हॉलवाल्यानं आम्हाला ‘सगळं आहे’ सांगितलं होतं. सगळं होतं, फक्त किल्ली एका लग्नाला गेलेल्या माणसाकडे होती.

प्रकाशासाठी एकच सूत्र: चेहरे दिसू द्या. चेहरा दिसला नाही की ऐकूही कमी येतं, कारण आपण नकळत ओठ वाचत असतो. निळा-जांभळा प्रकाश आणि धूर स्पर्धेच्या एकांकिकांना सोडा. समोरून, दोन्ही बाजूंनी तिरके, साधे पांढरे आणि फिकट पिवळे दिवे पुरेत. विजेचा हिशेब मात्र लाइटवाल्यावर न सोडता स्वतः करा. १००० वॉटचा एक पार, म्हणजे मंचावरचा मोठा दिवा, २३० व्होल्टवर सव्वाचार अँपियरच्या थोडा वर जातो. म्हणजे १५ अँपियरच्या प्लगवर तीनच. दहा दिवे म्हणजे ४३-४४ अँपियर, त्याला वेगळी लाइन हवी. सोसायटीच्या हॉलमध्ये एका बोर्डावर सहा दिवे लावून पहिल्या अंकातच अंधार झालेले प्रयोग मी पाहिलेत. प्रेक्षकांना तो ब्लॅकआऊट वाटला आणि त्यांनी टाळ्याही वाजवल्या.

सेट भाड्यानं आणू नका. भाड्याचा सोफा आणि त्यामागचा निसर्गचित्राचा पडदा गावातल्या प्रत्येक नाटकात असतो, लोक त्याला नमस्कार करतात. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर मांजरपाट ताणून ८ फूट बाय ४ फुटांचे पाच-सहा फ्लॅट करा, वर सरस आणि खडूचा हात, मग रंग. ते पुढची पाच वर्षं रंग बदलून वापरता येतात. नुसते काळे पडदे आवाज पितात. मागे ताठ फ्लॅट असले तर निदान थोडा आवाज पुढे येतो. दार असेल तर ते विंगेकडे उघडणारं करा, नाहीतर उघडं दार नटाला झाकतं. बाकी सगळं घरून. टाकाऊ वस्तूंतून कलाकृती उभ्या करणारे विष्णू चिंचाळकर गुरुजी याच इंदुरात राहत होते. आपल्याला निदान आजीचं फडताळ मंचावर नेण्याची लाज वाटू नये. किरकोळ प्रॉपर्टीसाठी रानीपुऱ्यात एक दुपार घालवा.

वेशभूषेबद्दल एवढंच. नऊवारी असेल तर ती तिसऱ्या आठवड्यापासून तालमीत नेसा. प्रयोगाच्या दिवशी पहिल्यांदा नेसलेली मुलगी भूमिका करत नाही, साडी सांभाळते. चपला-बूटही तेच. लाकडी मंचावर टाच वाजते आणि वाक्य खाते.

४० हजारांतले निम्मे हॉल, दिवे आणि आवाज यांत जातील. फ्लॅट आणि रंगात आठ-दहा. पाच हजार कुणालाही न सांगता बाजूला ठेवा, ते शेवटच्या दिवशी लागतातच. तालमीच्या चहाचे पैसे या पेटीतून काढू नका, रोज एकेकानं पाजावा. नाहीतर हिशेबाची भांडणं नाटकापेक्षा रंगतात.

रंगीत तालीम एक नाही, दोन. त्याआधी एक संध्याकाळ फक्त दिवे, आवाज आणि एंट्र्यांची. त्यात संवाद पूर्ण म्हणायचे नाहीत, एका क्यूवरून, म्हणजे खुणेच्या वाक्यावरून, पुढच्या क्यूवर उड्या मारायच्या. दुसऱ्या रंगीत तालमीला बाहेरची पाच माणसं बोलवा, ज्यांनी नाटक वाचलेलं नाही, आणि नंतर त्यांना ‘आवडलं का’ विचारू नका. ‘कुठलं वाक्य ऐकू आलं नाही’ एवढंच विचारा.

शेवटच्या आठवड्यात तालीम संपल्यावर सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जायची बंदी घाला. मला ठाऊक आहे, हिवाळा आहे, गराडू तळले जातायत, वरून जीरावन. पण तळलेलं आणि तिखट खाऊन बाराच्या थंडीत स्कूटरवर घरी गेलेले आवाज सकाळी उठत नाहीत. एक वर्ष आमचे सासरे आणि जावई दोघंही घोगरे झाले होते, प्रेक्षकांना वाटलं सख्खे बाप-लेक आहेत. प्रयोगाच्या दिवशी दुपारी वरणभात. सराफा प्रयोगानंतर, सगळ्यांनी मिळून, मेकअप न पुसता.

आणि घरून आणलेल्या वस्तूंची यादी पहिल्या दिवसापासून एका वहीत ठेवा: वस्तू, कुणाची, कधी आणली, कधी परत केली. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो फिरवून सगळं पोचतं करा. माझ्याकडे अजून एक पितळी तपेली आहे. १४ वर्षं झाली, कुणाची ते कळलेलं नाही, आणि मला संशय आहे की ती राजेंद्र नगरातलीच आहे. वाचनाला बसाल तेव्हा कळवा, एक संध्याकाळ येऊन ऐकेन. येताना तपेली आणते, कुणी ओळखली तर बरं.